मुलांना गेम बनवायला शिकवायचंय? स्क्रॅचमध्ये ‘आंबे झेला’, अगदी पहिल्यापासून

सुट्टी लागली की नात्यातलं नाहीतर सोसायटीतलं कुणीतरी विचारतंच, "पोरगं दिवसभर गेम खेळतंय, कोडिंगच्या क्लासला घालू का?" मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून मला विचारतात, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. क्लासचं नंतर बघू, आधी घरी बसून एक गेम पूर्ण बनवू दे. एकच, पण पूर्ण, म्हणजे सुरू होणारा, गुण मोजणारा आणि हरल्यावर संपणारा. त्यातून पोराला खरंच आवड आहे का ते कळतं, खर्च काही नाही, आणि तुम्हाला स्वतःला कोडिंग येत नसलं तरी अडत नाही. उलट ज्यांना येत नाही ते आईबाबा बऱ्याचदा जास्त चांगलं शिकवतात कारण त्यांना मध्येमध्ये उत्तर सांगून टाकायचा मोह होत नाही.

खाली लिहिलंय ते साधारण तिसरी-चौथीपासून सातवी-आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. वापरायचंय स्क्रॅच, जे फुकट आहे आणि ज्यात कोड टाईप करावा लागत नाही, रंगीत ब्लॉक ओढून एकाखाली एक चिकटवायचे. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये ते तयार झालं, २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि ८ ते १६ वयाच्या मुलांसमोर ठेवून बनवलेलं आहे. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एफडी १००, आरटी ९० करून कासव फिरवलंय त्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल, कारण ती कासववाली ‘लोगो’ नावाची प्रोग्रॅमिंग भाषा १९६७ ची आणि स्क्रॅच त्याच घराण्यातलं. पोरगं अजून पहिली-दुसरीत असेल तर स्क्रॅच ज्युनियर म्हणून टॅबलेटवर चालणारं वेगळं ॲप आहे, त्यात वाचता येत नसलं तरी चालतं, ते घ्या आणि हा लेख दोन वर्षांनी वाचा.

बसायच्या आधी

लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घ्या. जुना असला तरी चालतो, ब्राउझर नीट उघडला म्हणजे झालं. टॅबलेटवरही होतं. मोबाईलवर मात्र नको, एवढ्याशा स्क्रीनवर ब्लॉक ओढता ओढता मूल वैतागतं आणि मग त्याला वाटतं कोडिंगच बोअर आहे. नेट धड नसेल तर स्क्रॅचचं ॲप डाऊनलोड करून ठेवा, ते ऑफलाइन चालतं.

अकाउंट पहिल्या दिवशी काढायची काही गरज नाही. स्क्रॅच डॉट एमआयटी डॉट ईडीयू उघडा, वर ‘क्रिएट’ दाबा, काम सुरू. काम झालं की फाइल मेन्यूतून ‘सेव्ह टू युवर कॉम्प्युटर’ करा, फाइल तुमच्याच मशीनवर राहते. पुढे अकाउंट काढलंत तर यूजरनेममध्ये मुलाचं खरं नाव, शाळा, जन्मसाल काही टाकू नका, कारण शेअर केलेला प्रोजेक्ट जगभर कुणालाही दिसतो.

एक बारीक गोष्ट. या लेखात आकडे मी देवनागरीत लिहितोय, स्क्रॅचमध्ये टाकताना मात्र इंग्रजी आकडेच टाका, नाहीतर त्याला ते आकडे म्हणून कळणार नाहीत. नावं मराठीत द्या बिनधास्त, स्प्राइटला (म्हणजे गेममधल्या पात्राला) ‘आंबा’, व्हेरिएबलला (म्हणजे गेममध्ये बदलत राहणाऱ्या आकड्याला) ‘गुण’, मस्त चालतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो मोडला तर बाकी सगळं फुकट: माऊस मुलाच्या हातात. पूर्ण वेळ. तुम्ही बोट दाखवू शकता, प्रश्न विचारू शकता, पण माऊस घ्यायचा नाही. "दे इकडे, मी दाखवतो" हे वाक्य तोंडातून निघालं की त्या क्षणी तो गेम तुमचा झाला आणि मूल प्रेक्षक झालं. आपल्याला दोन सेकंदात दिसतं की ब्लॉक चुकीच्या जागी लागलाय, हात शिवशिवतात, पण गप्प बसायचं. त्याला स्वतःला दिसेपर्यंत पाच मिनिटं लागली तर लागली.

आधी कागद

पोराला विचारलं की कुठला गेम बनवायचा, तर उत्तर येणार फ्री फायर नाहीतर माइनक्राफ्ट. नाही म्हणू नका. म्हणा, त्या गेम बनवायला शेकडो माणसं वर्षानुवर्षं बसतात, आपण आज असा बनवू जो रात्रीपर्यंत आजीला खेळायला देता येईल. मग कागद घेऊन तीनच प्रश्न: कोण हलतं आणि कशानं हलतं? कोण कोणाला लागलं की काय होतं? गेम संपतो कधी?

आपल्या गेमची उत्तरं अशी. खाली टोपली, ती बाणांच्या कीजनी डावीउजवीकडे हलते. वरून आंबे पडतात. आंबा टोपलीला लागला की एक गुण, जमिनीवर पडला की एक जीव गेला. तीन जीव गेले की खेळ संपला. एवढंच. मुलाला आंब्याऐवजी उल्का हव्यात, टोपलीऐवजी मांजर हवी, तर तसं करू द्या, कोड तोच राहतो.

पहिली पायरी: टोपली हलवा

स्क्रॅच उघडलं की डावीकडे रंगीत ब्लॉकची यादी दिसते, मध्ये मोकळी जागा जिथे कोड जोडायचा, उजवीकडे वर स्टेज म्हणजे जिथे गेम दिसतो, आणि खाली स्प्राइट म्हणजे गेममधली पात्रं. सुरुवातीला एक पिवळसर मांजर असते. ती लगेच डिलीट करू नका, पाच मिनिटं मुलाला तिच्याशी खेळू द्या, एखादा ब्लॉक नुसता क्लिक केला तरी तो चालतो हे त्याला आपोआप कळेल आणि ते कळणं पुढे फार कामाला येतं.

मग टोपली. स्प्राइटच्या कोपऱ्यातल्या गोल बटणावर जाऊन ‘पेंट’ घ्या, चौकोन काढा, खालची बाजू जरा आत ओढा, झाली टोपली. इथे एक गोम आहे. चित्राच्या कॅनव्हासच्या मधोमध एक बारीक खूण असते, चित्र त्या खुणेवर काढायचं. कोपऱ्यात काढलं तर टोपली आपण सांगू त्या जागेपासून बाजूलाच उभी राहते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

स्टेजचं मोजमाप आत्ताच सांगून टाका. रुंदी ४८०, उंची ३६०, आणि शून्य बरोबर मध्यभागी. म्हणजे एक्स डावीकडे -२४० पासून उजवीकडे २४० पर्यंत, वाय खाली -१८० पासून वर १८० पर्यंत. आता चौथीतल्या पोराला उणे संख्या कुठे माहीत असतात, आलेख तर फार लांब. लिफ्टचं सांगा: ग्राउंड म्हणजे शून्य, वर १, २, ३ आणि पार्किंग -१, -२. शहरातल्या पोरांना तेवढं पुरतं. मग नुसता माऊस स्टेजवर फिरवायला नको, मांजरच उचलून इकडेतिकडे ठेवायला सांगा आणि स्टेजखाली एक्स-वायचे आकडे कसे बदलतात ते बघू द्या. वहीत पन्नास गणितं सोडवूनही जे डोक्यात बसत नाही ते इथे दहा मिनिटांत बसतं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतोय.

आता कोड. बहुतेक मुलं (आणि बहुतेक यूट्यूब व्हिडिओ) हा मार्ग घेतात:

व्हेन राइट ॲरो की प्रेस्ड
चेंज एक्स बाय १०

घेऊ द्या. डावीकडचाही करू द्या, फक्त -१० टाकून. टोपली हलेल, आनंद होईल. मग म्हणा, की दाबूनच धर बरं. टोपली एकदा हलते, क्षणभर थांबते, मग धावत सुटते. हे असं का? कारण कीबोर्डची सवयच तशी, कुठेही लिहिताना ‘क’ दाबून धरला तर आधी एक क येतो, मग जरा थांबून ककककक. गेममध्ये हा थांबा मारक ठरतो. म्हणून दुसरा मार्ग:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
गो टू एक्स: ०, वाय: -१४०
फॉरेव्हर
– इफ (की राइट ॲरो प्रेस्ड?) देन: चेंज एक्स बाय १०
– इफ (की लेफ्ट ॲरो प्रेस्ड?) देन: चेंज एक्स बाय -१०

म्हणजे आता की दाबल्याची बातमी येईल याची वाट आपण बघत नाही, आपणच सतत विचारतोय, दाबलीय का, दाबलीय का, दाबलीय का. स्क्रॅच हे एका सेकंदात साधारण ३० वेळा विचारतं. गेम म्हणजे मुळात हेच असतं, सतत फिरणारं एक चक्र आणि त्यात विचारलेले प्रश्न, आणि हे ज्या मुलाला पटलं त्याला पुढची अर्धी लढाई सोपी जाते. त्यामुळे या पायरीवर घाई करू नका, पहिला मार्ग गाळून थेट दुसरा तर अजिबात सांगू नका. टोपली अडखळलेली बघितल्याशिवाय फॉरेव्हर कशाला हवं ते कळणार नाही.

टॅबलेटवर बाण नसतात, तिथे फॉरेव्हरमध्ये ‘सेट एक्स टू माऊस एक्स’ टाका, बोट फिरेल तशी टोपली फिरेल.

‘की प्रेस्ड?’ वाला ब्लॉक सहा कोनांचा आहे आणि इफमधलं भोकही तसंच, हे मुलाला दाखवा. आकारात बसत नाही तो ब्लॉक तिथे जातच नाही, त्यामुळे अर्ध्या चुका होतच नाहीत.

दुसरी पायरी: आंबा पाडा

स्क्रॅचच्या लायब्ररीत सफरचंद आहे, केळी आहेत, हापूस नाही. काढा. गोल काढायचा, रीशेपने एक टोक जरा बाहेर ओढायचं, पिवळा-केशरी रंग, वर देठ. पोरं इथे अर्धा तास घालवतात, घालवू द्या, स्वतःच्या हातानं काढलेल्या आंब्यासाठी ती नंतर कोडशी जास्त वेळ झगडतात. स्प्राइटचं नाव ‘आंबा’ करा आणि आधीच्याचं ‘टोपली’, नाहीतर पुढे यादीत स्प्राइट२, स्प्राइट३ असं दिसेल आणि कोण कुठला कळणार नाही. मांजरीला आता निरोप द्या.

आंब्यावर क्लिक करून (हे विसरून टोपलीतच कोड लिहिणं हा सगळ्यात कॉमन घोळ, उजवीकडे कुठला स्प्राइट निवडलाय ते दर वेळी बघायची सवय लावा) एवढं जोडा:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
गो टू एक्स: पिक रँडम -२२० टू २२०, वाय: १७०
फॉरेव्हर
– चेंज वाय बाय -५
– इफ (वाय पोझिशन -१७० पेक्षा कमी) देन: गो टू एक्स: पिक रँडम -२२० टू २२०, वाय: १७०

‘पेक्षा कमी’चा ब्लॉक हिरव्या ऑपरेटर्समध्ये मिळेल, पिक रँडमही तिथेच, वाय पोझिशन निळ्या मोशनमध्ये अगदी तळाशी.

गेम सुरू करायला स्टेजच्या वरचा हिरवा झेंडा दाबायच्या आधी थांबवा आणि विचारा, "काय होईल असं वाटतं?" उत्तर चूक असलं तरी दुरुस्त करू नका, झेंडा दाबू द्या. प्रत्येक पायरीला हा प्रश्न. आधी अंदाज बांधायचा आणि मग चालवून बघायचं ही सवय लागली नाही तर मुलं नुसते ब्लॉक इकडचे तिकडे करत बसतात आणि कधीतरी चालतं, पण का चाललं ते त्यांना सांगता येत नाही.

थोडी मोठी मुलं असतील तर इथे एक मजेशीर हिशोब आहे. आंबा १७० पासून -१७० पर्यंत येतो म्हणजे ३४०. एका वेळी ५ खाली, म्हणजे ६८ वेळा. सेकंदाला ३० वेळा धरलं तर सव्वादोन सेकंदांत आंबा खाली. स्टॉपवॉच लावून बघायला सांगा, जुळतं. मग -५ चं -१० केलं तर? हे ज्यानं स्वतः काढलं त्याला गतीचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही.

आता -१७० च का, -२०० का नाही? यावरून सहावीतल्या भाचीबरोबर झालेला संवाद जसाच्या तसा देतो, कारण अडलेल्या मुलाशी बोलायचं कसं ते त्यात आहे.

"मामा, आंबा परत पडतच नाहीये."
"पडत नाहीये की दिसत नाहीये?"
"दिसतोय की. खाली जाऊन बसलाय. नुसतं टोक दिसतंय."
"मग त्याला वर कधी जायला सांगितलंयस?"
"वाय -२०० पेक्षा कमी झाला की."
"आणि आत्ता किती आहे?"
"ते कसं कळणार?"
"वाय पोझिशनच्या ब्लॉकशेजारी एक चौकट आहे बघ, टिक कर."
(स्टेजवर -१८५ असा आकडा आला.)
"-१८५. अरे, मग हा -२०० ला जाणारच नाही! हा अडकलाय!"

झालंय काय, तर स्क्रॅच कुठल्याच स्प्राइटला स्टेजच्या पूर्ण बाहेर जाऊ देत नाही, थोडा तुकडा आत ठेवतंच. छोटा आंबा त्यामुळे -२०० पर्यंत पोचत नाही आणि इफमधली अट कधीच खरी होत नाही. मी हे आधीच सांगू शकलो असतो. पण मग ती चौकट टिक करून आतला आकडा बघायची युक्ती तिला कशाला लक्षात राहिली असती. त्यानंतर काहीही बिघडलं की ती आधी आकडे बघते, मला हाक नंतर.

तिसरी पायरी: झेलणं आणि गुण

व्हेरिएबल्समध्ये जाऊन ‘मेक अ व्हेरिएबल’, नाव ‘गुण’. व्हेरिएबल म्हणजे काय याचं लेक्चर नको. स्टेजवर डावीकडे वर ‘गुण ०’ अशी पाटी येते, पोरांना बघताक्षणी समजतं. आंब्याच्या फॉरेव्हरमध्ये आणखी एक इफ:

– इफ (टचिंग टोपली?) देन: चेंज गुण बाय १

मुद्दाम एवढंच करा आणि चालवा. आंबा टोपलीत शिरला की गुण एकदम १, २, ३ करत वीसच्या आसपास पळतात. पोरं खूश होतात, चीट कोड सापडला म्हणून नाचतात. नाचून झालं की विचारा, एक आंबा झेलला तर वीस गुण का? थोडं डोकं खाजवल्यावर येतं उत्तर: आंबा टोपलीतून खाली जाताना जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा "हो, लागलाय" असंच उत्तर आलं. म्हणून गुण वाढवला की लगेच आंबा वर पाठवायचा, म्हणजे त्याच इफमध्ये खाली तोच रँडमवाला ‘गो टू’ जोडायचा. तोच ब्लॉक राइट क्लिक करून डुप्लिकेट करता येतो, पुन्हा शोधायला नको.

दुसऱ्यांदा झेंडा दाबला की कळेल, गुण जुनेच राहिलेत. ‘सेट गुण टू ०’ कुठे टाकायचं? झेंड्याखाली, फॉरेव्हरच्या बाहेर. फॉरेव्हरच्या आत टाकलं तर काय होईल, हा प्रश्न मात्र जरूर विचारा. आणि हे सेट मी टोपलीच्या कोडमध्ये टाकायला सांगतो, कारण पुढे आंबे अनेक होणार आहेत, टोपली एकच राहणार.

पहिल्या दिवशी इथेच थांबा. बराच वेळ झालेला असतो, गेम खेळता येतो, आजीला दाखवता येतो. खेळता येण्यासारखा तुकडा हातात असतानाच उठायचं, अर्धवट मोडलेल्या अवस्थेत नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी मूल बसायलाच टाळाटाळ करतं. सेव्ह करताना नाव ‘आंबा-१’ द्या, उद्याचं ‘आंबा-२’. उद्या काहीतरी बिघडलं तर कालचं उघडता येतं, आणि हे माहीत असलं की मूल बिनधास्त प्रयोग करतं.

चौथी पायरी: जीव, आवाज, खेळ संपला

‘जीव’ नावाचं दुसरं व्हेरिएबल. टोपलीत झेंड्याखाली ‘सेट जीव टू ३’. आंबा जमिनीवर पोचल्याचा जो इफ आधीच आहे त्यात ‘चेंज जीव बाय -१’. हे बहुतेक मुलं आता न सांगता करतात, तुम्ही फक्त "जीव कुठे कमी व्हायला हवा?" एवढं विचारा.

आवाजाला वेळ द्या, सगळ्यात जास्त हसू इथेच येतं. साउंड टॅबमध्ये माइकवरून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येतो. झेलल्यावर "झेलला रे!", पडल्यावर "अरेरेरे". फक्त ब्लॉक ‘स्टार्ट साउंड’ वापरा. शेजारीच ‘प्ले साउंड अनटिल डन’ आहे, तो लावला तर आवाज संपेपर्यंत त्या आंब्याचं चक्र थांबतं आणि आंबा हवेत लटकतो. लटकला तर लटकू दे, दोन ब्लॉकमधला फरक विचारा.

खेळ संपवायला ‘ब्रॉडकास्ट’ लागतो. एक स्प्राइट बातमी सोडतो आणि बाकी ज्याला ऐकायचीय तो ऐकतो. आंब्यात, जीव कमी केल्याच्या लगेच खाली:

– इफ (जीव १ पेक्षा कमी) देन: ब्रॉडकास्ट ‘खेळ संपला’

आणि स्टेजवर क्लिक करून तिथे (हो, स्टेजलाही कोड लिहिता येतो):

व्हेन आय रिसीव्ह ‘खेळ संपला’
स्विच बॅकड्रॉप टू ‘शेवट’
स्टॉप ऑल

‘जीव बरोबर ०’ असं न लिहिता ‘१ पेक्षा कमी’ लिहायचं, कारण पुढे आंबे वाढवताना जीव कमी करून कुठे हा इफ टाकायचा राहिला तर जीव शून्य ओलांडून -१ होऊ शकतो आणि मग गेम संपतच नाही. ‘स्टॉप ऑल’ही आंब्यात नको, स्टेजमध्येच हवं. आंब्यातच बातमी सोडून पुढच्या ओळीत सगळं थांबवलं तर बातमी ऐकून बॅकड्रॉप बदलायला कुणी चालू उरत नाही.

‘शेवट’ नावाचा बॅकड्रॉप, म्हणजे स्टेजच्या मागचं चित्र, मुलाला ब्रशने रंगवू द्या, हाताने लिहिलेलं वाकडंतिकडं ‘खेळ संपला’ फार छान दिसतं. आणि झेंडा दाबल्यावर पहिला बॅकड्रॉप परत आणायला हवा, हे दुसऱ्यांदा खेळताना त्याच्याच लक्षात येईल.

पाचवी पायरी: अवघड करा

आता गेम चालतो पण सोपा आहे. ‘वेग’ व्हेरिएबल काढा, टोपलीत ‘सेट वेग टू ५’, आणि आंब्यात -५ च्या जागी हिरवा वजाबाकीचा ब्लॉक: ० वजा वेग. प्रत्येक आंबा झेलला की ‘चेंज वेग बाय ०.२’. पंचवीस आंबे झेलल्यावर वेग १० होतो, म्हणजे दुप्पट, आंबा सेकंदाभरात खाली. ०.२ ऐवजी १ टाकला तर गेम पाचव्या-सहाव्या आंब्यालाच हाताबाहेर जातो. किती ठेवायचा हे मुलानं ठरवायचं, स्वतः खेळून नाही तर दुसऱ्याला खेळायला देऊन. बनवणाऱ्याला स्वतःचा गेम नेहमीच सोपा वाटतो.

एका वेळी जास्त आंबे हवेत? लहान मुलांसाठी सोपं: आंबा स्प्राइट राइट क्लिक, डुप्लिकेट. कोडसकट दुसरा आंबा तयार. त्याचं रूप बदलून किडका आंबा करा, तो झेलला तर जीव जातो, पडला तर काही नाही. कोडमध्ये काय बदलायचं ते त्याचं तो शोधतो, बहुतेकदा पाचेक मिनिटांत.

पाचवीच्या पुढच्यांना क्लोन दाखवा, म्हणजे गेम चालू असताना कोडनं बनवलेल्या एकाच स्प्राइटच्या नकला. मूळ आंब्यात झेंड्याखाली ‘हाइड’, मग फॉरेव्हरमध्ये ‘वेट १ सेकंद’ आणि ‘क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ’. पडण्याचा सगळा कोड तिथून उचलून ‘व्हेन आय स्टार्ट ॲज अ क्लोन’ खाली न्यायचा, सुरुवातीला ‘शो’ टाकायचं (मूळ आंबा लपलेला म्हणून क्लोनही लपलेलाच जन्मतो, इथे हमखास घोळ होतो), आणि इफमध्ये जिथे जिथे आंबा वर पाठवत होतो तिथे त्याऐवजी ‘डिलीट धिस क्लोन’. पुसायला विसरलं तर क्लोन साठत जातात, ३०० झाले की स्क्रॅच नवीन बनवणं बंद करतं आणि आंबे पडायचेच थांबतात. तोपर्यंत गेम हळू झालेला असतोच. ‘डिलीट धिस क्लोन’च्या खाली काही जोडता येत नाही, त्यामुळे गुण वाढवणं, जीव कमी करणं, ब्रॉडकास्ट हे सगळं त्याच्या वर.

क्लोन डोक्यावरून गेलं तर सोडून द्या. त्याशिवाय गेम पूर्ण आहे.

अडलं की

अडणारच. तेव्हा उत्तर न देता करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. कोड मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायला सांगा, "झेंडा दाबला की आंबा वर जातो, मग सारखा सारखा पाच खाली येतो", वाचता वाचताच निम्म्या चुका सापडतात. शंका असलेला ब्लॉक बाजूला काढून एकटा क्लिक करून बघायचा. आकडे टिक करून स्टेजवर आणायचे. आणि हे करूनही नाही सापडलं तर चक्क उठायचं, जेवायचं, परत यायचं.

वीस मिनिटं तीच चूक आणि डोळ्यांत पाणी, अशी वेळ आली तर मात्र हट्ट करू नका, कुठे बघायचं ते सांगून टाका. भावंडं असतील तर माऊस दहा-दहा मिनिटांनी बदला, मोबाईलवर टायमर लावून, नाहीतर मोठा सगळं करतो आणि धाकटा उठून जातो.

गेम झाल्यावर

चुलत-मावस भावंडांना खेळायला द्या आणि बनवणाऱ्याला बाजूला बसवून फक्त बघायला सांगा, बोलायचं नाही. कुठे अडले, कुठे कंटाळले, काय विचारलं ते कागदावर लिहायचं. त्या कागदावरूनच पुढचं काम ठरतं. मग स्क्रॅचवरचे दुसऱ्यांचे गेम उघडून ‘सी इनसाइड’ दाबायचं, आतला सगळा कोड दिसतो, ‘रीमिक्स’ करून आपल्याला हवा तसा बदलताही येतो. आयत्या गेममध्ये बदल करण्यात चोरी नाही, मूळ बनवणाऱ्याचं नाव तिथे आपोआप राहतं.

पायथनकडे, म्हणजे टाईप करून कोड लिहायच्या भाषेकडे, कधी न्यायचं, हे हमखास विचारतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं म्हटलंय, त्यामुळे पालकांना घाई झालेली असते, पण माझ्या मते स्क्रॅचमध्ये तीन-चार वेगवेगळे गेम स्वतःच्या डोक्यानं पूर्ण झाल्याशिवाय नको. टायपिंगचा स्पीड नसेल तर पायथनमध्ये सगळा वेळ कंस आणि स्पेलिंग शोधण्यात जातो. मधली पायरी म्हणून मेककोड आर्केड ही गेम बनवायची साइट चांगली आहे, फुकटच आहे, तिथे ब्लॉकनी बनवलेला गेम एका क्लिकवर जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये लिहिलेला दिसतो. तिथेही पहिला गेम म्हणून ‘आंबे झेला’च परत बनवायला सांगा, काय बनवायचंय ते माहीत असतं आणि नवीन शिकायचं ते फक्त कसं लिहायचं एवढंच उरतं.